दादांचं तेल, लखनौचं धुकं

मित्रांनो, सकाळी धुकं दाट असलं की मी तुम्हांला दिसणार नाही. तेलीबागच्या पुढं रायबरेली रोड सोडून आत वळलात की आधी एक वास येईल, ओल्या मातीचा आणि वाळ्याच्या मुळांचा. त्या वासाचं बोट धरून कडुलिंबांच्या दोन रांगांमधून चालत या. पत्र्याच्या शेडखाली लाल रंगाचं, ठेंगणं, डोळे मिटून बसलेलं कुणीतरी दिसेल. तो मी. मी एक लहान बांध्याचा ट्रॅक्टर आहे, आणि आता जुनाही झालो आहे. रंग उन्हानं फिका पडलाय, सीटवर एक ठिगळ आहे. पण अजून मला स्वप्नं पडतात, आणि सगळ्या स्वप्नांत तेल वाहत असतं.

माझा जन्म कारखान्यातला. सांगाडा झाला, चाकं लागली, इंजिन बसलं, तरी मी नुसतं लोखंड होतो. मग एका माणसानं झाकण उघडून माझ्या पोटात सोनेरी तेल ओतलं. इंजिनाचं तेल वेगळं असतं, ते मी इथं सांगत नाही. हे पोटातलं तेल म्हणजे माझी नदी. हीच नदी गिअरच्या दातांना भिजवते, ब्रेकच्या चकत्यांना गार ठेवते आणि मागच्या लिफ्टला बळ देते. मोठ्या घरांत प्रत्येक कामाला वेगळा नोकर असतो. माझ्यासारख्या लहान ट्रॅक्टरच्या घरात तिन्ही कामं एकाच तेलाला करावी लागतात. म्हणून ते निवडून घालावं लागतं. त्या दिवशी तेल पंपातून वर चढलं, लिफ्टचे हात हळूच उचलले गेले, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी आहे.

मला आणलं चंद्रहासांनी. ते रेल्वेतले इंजिनीअर. सगळी नोकरी इंजिनांच्या तेलांत बोटं बुडवण्यात गेली. दोन बोटांत थेंब चोळून ते सांगत, तेल थकलंय की अजून चालेल. त्यांच्या पत्नी नयनाताई सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या. दोघंही मूळचे सांगलीकडचे. लखनौत त्यांचे केस पांढरे झाले, मुलगी अंतरा इथंच वाढली, इथंच संशोधक झाली आणि संसार मांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जानकीपुरमला राहू लागली. तरी या दोघांच्या बोलण्यात ‘आमच्याकडे’ म्हणजे सांगली. आमच्याकडे भाकरी अशी थापतात. आमच्याकडे गूळ असा नसतो. अंतराला मराठी सगळं कळे, पण उत्तर ती हिंदीतच देई, “तो यहाँ क्या पराया घर है, मम्मी?” त्यावर नयनाताई नुसत्या हसत.

निवृत्तीनंतर त्यांनी हा जमिनीचा तुकडा घेतला. नयनाताईंना वाळा लावायचा होता. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या वाळ्याचा वास मोजला होता. आता स्वतःचा हवा होता. वाळ्याचं असं असतं, वर नुसतं गवत दिसतं आणि सगळं धन खाली, माणसाच्या कमरेइतकं खोल. हातानं खणलं तर निम्मी मुळं तुटून मातीतच राहतात. मोठा ट्रॅक्टर लिंबांच्या रांगांत वळत नाही. म्हणून मी. माझ्या मागं एक खोल जाणारं पातं लावायचं, लिफ्टनं ते खाली सोडायचं आणि मुळांसकट वर उचलायचं, एवढं माझं काम.

जमीन वाळ्याजोगी होईपर्यंतची वर्षं मी तण काढत, खत वाहत सुखात घालवली. मला चालवी रामसुमेर. तो मोहनलालगंजकडचा, तोंडानं चावट आणि हातानं हळुवार. नयनाताई माझी आंघोळ स्वतः बघत. पाण्याचा फवारा झाकणाच्या श्वासछिद्रावर जाऊ देत नसत, कारण पाणी आत शिरलं की तेल दुधासारखं पांढरं होतं आणि नदी आजारी पडते. तेल बघायचं ते सपाट जागी, लिफ्ट खाली ठेवून. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसायची ती धागे न सुटणाऱ्या फडक्यानं. एक धागा फिल्टरमध्ये अडकला तरी मला धाप लागते. सर्व्हिसवाला माझ्या जातीचं तेल भरून जाई. एकदा थोडं उरलं, तेव्हा नयनाताईंनी तो डबा घट्ट झाकून शेडच्या फळीवर ठेवून दिला.

आणि दर मे महिन्यात यशोधनदादा येत.

ते चंद्रहासांचे थोरले भाऊ, सांगलीकडं ऊस करणारे. लू, म्हणजे इथला उन्हाळी झळांचा वारा, वाहत असताना आंब्यांची पेटी घेऊन ते फाटकात उभे राहत. फाटक इतकं कुरकुरे की लिंबावरचे पोपट उडून जात. दादा दरवर्षी तेच म्हणत, “चंदू, फाटकाला तेल घाल रे. मी आलो हे अख्ख्या लखनौला कळतंय.” मग इथल्या दशहरी आंब्याला नावं ठेवत तो पोटभर खात. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, “खेळणं घेतलंस होय?” त्यांचे ट्रॅक्टर म्हणे उसाच्या डोंगराएवढ्या ट्रॉल्या ओढत. मला राग आला नाही. ती थाप फार मायेची होती. संध्याकाळी सीटवर बसून ते लिंबांतून चक्कर मारत, आणि लहान मुलासारखे उतरायलाच तयार नसत.

गेल्या मे महिन्यात जाताना ते म्हणाले, “चंदू, तेल बदलायची वेळ झाली की मला सांग. मी पाठवतो. आमच्याकडं आम्ही सगळे तेच घालतो. कसलंही ओझं असू दे, हार जात नाही.”

पावसाळ्यात तेलाचा ड्रम ट्रान्सपोर्टनं निघाला. सोबत हळद होती, गूळ होता. ड्रम पोचायच्या आधी फोन पोचला. दादा रानातून घरी आले, ओसरीवर टेकले, ते उठलेच नाहीत.

चंद्रहास सांगलीला जाऊन आले. परतल्यावर बरेच दिवस ते शेतावर फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले, ड्रमचं झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. रामसुमेर मदतीला पुढं झाला तर त्याला त्यांनी हातानं थांबवलं. माझं जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नरसाळं पुसलं, आणि दादांचं तेल स्वतःच्या हातानं माझ्या पोटात ओतलं. तेल दाट होतं, मधासारखं संथ. तेलात दोन थेंब वेगळेही पडले असतील. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा हवा गरम होती. काही बिघडलं नाही. लिफ्ट उठत होती, ब्रेक लागत होते. मला वाटायचं, पोटात एक पाहुणा राहायला आलाय, सांगलीचा, रात्रभर उसाच्या गोष्टी सांगतो.

मग थंडी आली. मित्रांनो, लखनौचं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगू? जग धुऊन वाळत घातल्यासारखं पांढरं होतं. समोरचा लिंब नाहीसा होतो, आपलीच चाकं परकी वाटतात. अशा सकाळी रामसुमेरनं मला चालू केलं आणि माझ्या पोटातला पाहुणा जागाच होईना. तेल इतकं घट्ट झालं होतं की ते पंपाकडं सरकेना. पंप ओढत होता, त्याला तेलाऐवजी हवा मिळत होती, आणि तो बारीक, कळवळून रडत होता. लिफ्टचे हात वीतभर उठले आणि थबकले. ब्रेक दाबले तर तेही कण्हले.

रामसुमेर खाली उतरून म्हणाला, “बाबूजी, ई तो जाड़े में हमसे भी ज्यादा आलसी निकला।”

चंद्रहास हसले नाहीत. मेकॅनिक आला. त्यानं कान लावला आणि सांगितलं, पंप गेलाय, आता गाडीत दम नाही. तेल कुठलं आहे हे त्यानं विचारलं नाही, आणि चंद्रहासांनी सांगितलं नाही.

तिकडं वाळा तयार झाला होता. दोन पावसाळे त्यानं खाली मुळं सोडली होती. नयनाताई रोज सकाळी शालीत गुरफटून येत, कडेच्या एका ठोंबाची माती उकरून मुळी नाकाशी नेत. होळीच्या आत काढायला हवा, हे त्या सगळ्यांना सांगत होत्या. एकदा ऊन तापलं, नवे कोंब फुटले की मुळांतला वास वर निघून जातो; मग उरतं ते नुसतं गवताचं मूळ. धुक्यात उभ्या राहून त्या हळू आवाजात गुणगुणत,

वाळा लाविला परमुलखी, मुळं गेली गं खोलवर
माझ्या माहेराचा वारा, येई वासाच्या पाठीवर

मी ऐके. आणि मला लाज वाटे, की यांचं धन पायाखाली आहे आणि माझे हात उठत नाहीत.

एक गोष्ट नयनाताईंच्या लक्षात आली. सकाळी रुसलेला मी, एखाद्या दुपारी ऊन पडलं की जरा फिरवल्यावर घटकाभर निमूटपणे पातं उचलत होतो. संध्याकाळी शेडमध्ये चहा घेताना त्यांनी विचारलं, “अहो, झिजलेला पंप तापल्यावर जास्त थकतो, असं तुम्हीच सांगायचात ना? मग हा दुपारी तरणा कसा होतो?”

चंद्रहासांनी कप खाली ठेवला आणि ते लिंबांकडं चालत गेले. त्यांना उत्तर ठाऊक होतं. ज्या माणसानं थंडीत तेल कसं वागतं हे आयुष्यभर तपासलं, त्याला कसं ठाऊक नसेल? पण ते उत्तर उच्चारायचं म्हणजे दादांनी दिलेली शेवटची वस्तू चुकीची होती असं म्हणायचं. त्यापेक्षा माझा पंप गेला असं म्हणणं त्यांना सोपं होतं. मला त्यांचं वाईट वाटलं. स्वतःचंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात अंतरा आली. तिनं सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं, “पापा, गया तो गया। बेच दीजिए। मेरी नज़र में एक आदमी है, पुराने ट्रैक्टर खोलकर पुर्ज़े बेचता है। मम्मी मजदूर लगा लेंगी।”

चंद्रहास माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, “बोलाव त्याला रविवारी.”

नयनाताईंच्या हातातली मुळी तिथंच गळून पडली. मला खोलून माझे पुर्जे, सुटे भाग विकणार, हे मीही ऐकलं होतं. मित्रांनो, मला बोलता येत नाही. येत असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, की मी थकलो नाही, मला फक्त थंडी वाजतेय.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर नयनाताई मागं थांबल्या. प्रयोगशाळेतल्या सवयीच्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या त्यांनी पदरानं नव्हे, स्वच्छ फडक्यानं पुसल्या. एकीत माझ्या पोटातलं थोडं तेल घेतलं. दुसरीत फळीवरच्या त्या जुन्या डब्यातलं, माझ्या जातीचं. बुचं लावून दोन्ही विहिरीच्या कट्ट्यावर उघड्यावर ठेवल्या आणि घरी गेल्या. धुकं उतरलं, दोघींवर सारखंच बसलं. मी शेडमधून त्यांच्याकडं बघत राहिलो. आपलं नशीब दोन बाटल्यांत बसून थंडीनं कुडकुडतंय, असं काहीसं वाटत होतं.

रविवारी सकाळी लिंबाची झाडं गळ्यापर्यंत धुक्यात बुडाली होती. पुर्जेवाला यायचा होता. चंद्रहास माझी सीट पुसत होते. पाठवणीला पुसतात तशी, कोपरे धरून, सावकाश.

नयनाताईंनी दोन्ही बाटल्या त्यांच्या हातांत दिल्या. “जरा आडव्या करा,” त्या म्हणाल्या.

एका बाटलीतलं तेल झऱ्यासारखं कडेला धावलं. दुसरीतलं जागच्या जागी उभं राहिलं, मग काकवीसारखं, अगदी नाइलाजानं सरकलं. चंद्रहासांनी बाटल्या सरळ केल्या. पुन्हा आडव्या केल्या. सवयीनं उजेडाकडं धरल्या.

“पाणी नाहीये यात,” ते म्हणाले.

“नाहीच आहे. स्वच्छ आहे. चांगलं तेल आहे ते.”

चांगलं, हा शब्द त्यांनी मुद्दाम म्हटला. चंद्रहासांनी मान वर केली नाही. “दादानं पाठवलंय, नयना.”

“माहीत आहे. दादांनी त्यांच्या हवेला बघून पाठवलं. त्यांच्या उसाला, त्यांच्या मोठ्या गाड्यांना. इथं ते दरवेळी मे महिन्यातच यायचे ना हो. आमच्याकडचं धुकं त्यांनी बघितलंच नव्हतं.”

लांब रस्त्यावर एक ट्रक गेला. चंद्रहासांनी दाट तेलाची बाटली खिशात ठेवली, छातीजवळच्या, आणि फोन काढून अंतराला सांगितलं की त्या माणसाला येऊ नको म्हण. मग बाह्या वर केल्या.

“रामसुमेर, बड़ा वाला टब लाओ। और एक बूँद ज़मीन पर नहीं गिरनी चाहिए।” आणि नयनाताईंकडं न बघता मराठीत म्हणाले, “खाली तुझा वाळा आहे.”

त्यांनी आधी मला हळू आवाजात बराच वेळ चालू ठेवलं, म्हणजे तेल जरा कोमट होऊन सगळं बाहेर येईल. मग बूच काढलं. दादांचं तेल टबात उतरू लागलं, लांब, अखंड धार धरून. सांगलीचा पाहुणा निघाला होता. त्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं. त्याला इथली थंडी सोसत नव्हती, एवढंच. चंद्रहासांनी आतली जाळी धुतली, नवा फिल्टर बसवला. डब्यातलं उरलेलं पुरणारं नव्हतं, म्हणून रामसुमेर सर्व्हिसवाल्याकडं धावला आणि तेच, माझ्या जातीचं, धुक्यातही वाहणारं आणि लूमध्येही पातळ न होणारं तेल घेऊन आला. दोन तेलं एकमेकांत मिसळायची नाहीत, हे चंद्रहास त्याला तीनतीनदा बजावत होते. शेवटी तो म्हणाला, “बाबूजी, हम तो चाय में पानी भी नहीं मिलाते।”

तेल भरलं. मला सपाट जागी उभं केलं, थोडं चालवलं, लिफ्ट वरखाली केली, खाली ठेवून पुन्हा डिपस्टिक बघितली. थोडं कमी होतं, तेवढं घातलं. मग चंद्रहास स्वतः सीटवर बसले आणि त्यांनी दांडी ओढली.

मित्रांनो, नदीला पूर यावा तसं झालं. पंप रडला नाही. माझे हात उठले, अजून न निवळलेल्या धुक्यात वर, आणखी वर. पातं वाळ्याच्या पहिल्या ओळीत उतरलं, खोल गेलं, आणि मी ते उचललं. ओली माती फाटली आणि तिच्यातून मुळांचा एक सोनेरी जटाभार वर आला. त्याच्यामागून वास आला. तो वास लिंबांवर चढला, शेडमध्ये शिरला, धुक्यात मिसळून गेला. नयनाताई तिथंच मातीत बसल्या. मुळं मांडीवर घेऊन, एखाद्या मुलीचे केस विंचरावेत तशी बोटांनी माती झाडू लागल्या. काही वेळानं त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. ओवी तीच होती, फक्त सुरुवात बदलली होती,

वाळा लाविला आपुल्या रानी, मुळं गेली गं खोलवर

होळीच्या आत सगळा वाळा निघाला. आता रोज सकाळी रामसुमेर मला चालू करून लगेच कामाला जुंपत नाही. थंडीत आधी बिडीभर वेळ मला नुसतं गुरगुरू देतो, मगच लिफ्टला हात लावतो. नवं तेल असलं तरी म्हाताऱ्याला जागं व्हायला वेळ लागतो, हे त्याला कळतं.

आणि दादांचं तेल? चंद्रहासांनी ते गाळून पुन्हा त्याच ड्रममध्ये भरलं. एका दुपारी त्यातलं वाटीभर घेऊन ते फाटकाकडं गेले. बिजागऱ्यांचा गंज खरवडला आणि काडीनं एकेक थेंब सोडत राहिले. दाट तेल, बिजागरीवर बसलं की हलायचं नाव नाही. जागेवर ठाण मांडणारं तेल तिथंच तर हवं होतं. फाटक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हूं की चूं नाही.

रामसुमेर लांबून म्हणाला, “बाबूजी, अब चोर आए तो पता कैसे चलेगा?”

चंद्रहास बिजागरीवर बोट ठेवून उभे होते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. म्हणाले, “जिसको आना है, आए।”

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी माझ्यासारखं असेल, ट्रॅक्टर नसेल तर पाण्याची मोटर, शिवणयंत्र, आजोबांची सायकल. त्याला तेल घालाल तेव्हा ते कुणी दिलं एवढंच बघू नका. ते कुठं उभं आहे, तिथली थंडी किती, ऊन किती, त्याच्या पोटात काय मावतं, हेही विचारा. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. काढलेलं तेल मातीत सांडू नका. खाली कुणाची तरी मुळं असतात. आणि ज्याला एका जागी जमलं नाही, त्याला फेकू नका. त्याची जागा शोधा.

आता मे लागलाय. लू सुटली आहे. नयनाताईंनी शेडला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलंय, आणि त्या गार वासात मला पेंग येते. मिटल्या डोळ्यांना वाटतं, फाटक उघडलं. पोपट उडाले नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. आंब्याचा वास आला. आणि माझ्या बॉनेटवर एक थाप पडली, ओळखीची.